खंदारे सरांचं वेताचं कडं

दुसरा रिमोट मी चालू केला होता.

सुरुवात याच वाक्यानं करतो. कारण हे वाक्य मी काही वर्षं गिळून बसलो आणि तेवढ्या काळात त्याचा त्रास दुसऱ्यांनी भोगला. एका माणसाचा पाय कायमचा अधू झाला आणि एका मुलीकडे सगळ्या गावानं बोट दाखवलं. खंदारे सरांविषयी लिहायचं म्हटलं की त्यांचा पांढरा शर्ट, त्यांचं तिरकस बोलणं, त्यांची सायकल हेच आधी लिहावंसं वाटतं. पण तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला मी त्यांचा चांगला मित्र वाटेन. तेव्हा मी तसा नव्हतो.

पूर्णेजवळच्या एका गावात आमची शाळा होती. मी गणित शिकवायचो, सर विज्ञान. ते रोज पूर्णेहून सायकलनं यायचे. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, इस्त्री कडक. शाळेच्या फाटकाशी उतरले की रुमालानं आधी सायकलचं सीट पुसायचे आणि मग स्वतःचं कपाळ. सायकल स्टँडवर लावली की मागचं चाक एकदा हातानं फिरवून बघत. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा साहेब. ही पडली तर माझ्यावर पडेल, तुमच्यावर नाही." विद्यार्थ्यांपासून हेडमास्तरांपर्यंत बहुतेकांना ते साहेब म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे समोरच्यानं ठरवायचं.

त्यांचे वडील पूर्णा जंक्शनवर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. सरांचं बालपण रुळांच्या कडेला गेलं आणि तिथली एक सवय त्यांच्या अंगात कायमची भिनली. कुठलीही सूचना दिली की ती ऐकणाऱ्याकडून मोठ्यानं परत म्हणवून घ्यायची. "काय सांगितलं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्गात तर होतंच, पण चहाच्या हॉटेलातही सुटका नव्हती.

"बाबूमियाँ, दोन चहा. एक बिनसाखरेचा. काय सांगितलं?"

बाबूमियाँ भट्टीपासून ओरडायचे, "दो चाय, एक बिन शक्कर की! दस्तखत भी करूँ क्या, सर?"

"दस्तखत नको. मागच्या खेपेला दोन्हींत साखर आली होती. तोंडानं बोललात ना, आता हात चुकणार नाही."

सर स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायचे. शिक्षकांच्या खोलीतल्या माठाला त्यांनी कधी हात लावला नाही. ते शाळेत नवे असताना त्यांनी त्या माठातलं पाणी घेतलं आणि त्यानंतर कुणीतरी माठ रिकामा करून पुन्हा भरला, असं मी ऐकलं होतं. ते दिवस नामांतराच्या वादाचे होते. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून गावागावांत माणसं एकमेकांशी तोलूनमापून बोलत होती. सर बौद्ध, मी कदम. आम्ही दोघं एकत्र चहा प्यायचो, हेच त्या वेळी मला फार मोठं वाटायचं. माठाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच माठातलं पाणी मी का पितो, हेही सांगावं लागलं असतं.

सरांचा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीला होता. त्यानं सुटीवर येताना रिमोटवर चालणाऱ्या दोन खेळण्यातल्या गाड्या आणल्या. एक सरांच्या मुलाला, एक शाळेला. सरांनी दोन्ही उघडल्या. मुलगा रडला, तेव्हा त्याला म्हणाले, "साहेब, तुम्हाला याहून मोठी करून देतो."

आणि खरंच केली. त्या खेळण्यातला रिमोटचे हुकूम ऐकणारा रेडिओ, भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटार, स्कूटरची बॅटरी, सायकलची चेन, सुतारानं करून दिलेलं लाकडी धूड. पुढं लाल रंगात 'सावकाश' असं लिहिलं. वाळूच्या दोन गोण्या टाकल्या की तो ट्रक एका माणसाला उचलत नसे. विज्ञान प्रदर्शनात रेल्वे फाटकाचा देखावा करायचा, फाटक पडलं की मुलांनी ट्रक बरोबर रेघेवर थांबवून दाखवायचा, असा त्यांचा बेत होता. दर वर्षी पूर्णेच्या आसपास कुणीतरी घाईत फाटकाखालून निघायचं आणि गाडीखाली सापडायचं. त्यातली काही प्रेतं त्यांच्या वडिलांनी उचलली होती.

तो ट्रक चालवायला शिकवताना सरांनी आम्हाला रडकुंडीला आणलं. पहिल्या दिवशी ट्रक चार विटांवर ठेवला होता, चाकं अधांतरी. मी उत्साहानं ट्रकचं बटण दाबलं. रिमोट अजून हातात घ्यायचा होता. चाकं गर्रकन फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मी दचकून मागं सरकलो.

"बघितलं, कदम सर?" ते शांतपणे म्हणाले. "रिमोट बंद असला की हा ट्रक म्हणजे नुसता उघडा कान. हवेतलं काहीही ऐकतो आणि त्याला हुकूम समजतो. आत्ता विटांवर होता म्हणून हवेत पळाला. जमिनीवर असता तर?"

"चुकलं, सर."

"चुकलं नाही, क्रम सांगा. आधी हातातलं, मग जमिनीवरचं. बंद करताना आधी जमिनीवरचं, मग हातातलं. काय सांगितलं?"

मी म्हटलं. पुढं रिमोटची दांडी सोडल्यावर ती बरोबर मध्ये येते का, तरीही चाकं हळूच सरकतात का, सरकत असतील तर शेजारचं बारीक चाक फिरवून ती कशी थोपवायची, हे त्यांनी दाखवलं. दांडी पुढं केली की चाक पुढंच फिरतं का, हे दर वेळी विटांवर बघायचं. एरियल पूर्ण ओढायची. एकानं रिमोट घेऊन मैदानाच्या टोकाला जायचं आणि तिथून हुकूम ऐकला जातो का ते बघायचं. एवढं झाल्याशिवाय विटा काढायच्या नाहीत.

आणि मग कडं. एकेरी रुळावर गाडीच्या ड्रायव्हरला स्टेशनवरून एक लोखंडी गोळा देतात. तो वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेल्या चामडी पिशवीत असतो, म्हणजे चालत्या गाडीतून हात घालून घेता येतो. गोळा ज्याच्याजवळ, रूळ त्याचा. तो परत मिळेपर्यंत स्टेशनवरच्या यंत्रातून दुसरा गोळा निघतच नाही, म्हणून समोरून दुसरी गाडी येत नाही. वडिलांकडचं असं एक मोडकं कडं सरांनी शाळेच्या ऑफिसात आणून खिळ्याला टांगलं होतं. दोन्ही रिमोट एकाच लहरीवर बोलायचे. "जुळी भावंडं आहेत," सर सांगायचे, "कुणीही हाक मारली तरी ट्रक वळून बघतो. म्हणून ज्याच्या खांद्यावर कडं, त्यानंच रिमोट चालू करायचा. दुसऱ्यानं दुसऱ्या रिमोटला हात लावायचा नाही." दुसरा रिमोट त्यांनी सेल काढून ऑफिसातल्या कपाटात कुलपात ठेवला होता. पहिला ऐन वेळी बिघडला तर असू द्यावा म्हणून.

ट्रक सगळ्यांत चांगला चालवायची सविता. नववीतली, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी, दोन वेण्या लाल रिबिनीत. ते भलंमोठं कडं खांद्यावर घेतलं की तिच्या कमरेखाली यायचं. ती क्रम मोठ्यानं म्हणायची, स्वतःलाच "काय सांगितलं?" विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. सर तोंड फिरवून हसत.

प्रदर्शनाच्या सकाळी सरांनी भिंतीवर लावायचे तक्ते काढायला मला कपाटाची किल्ली दिली. मी तक्ते काढले, किल्ली खिशात राहिली. उद्घाटनाला संस्थेचे सचिव येणार होते, ते वेळेआधीच येऊन ऑफिसात बसले. हेडमास्तर फेटे शोधायला धावले आणि मला म्हणाले, "साहेबांना जरा बोलण्यात गुंतवा." बाहेर मैदानात शेवटची चाचणी चालली होती. पोरं ओरडत होती.

"ते रिमोट का फिमोट म्हणतात ते काय असतंय हो?" सचिवांनी विचारलं. "दाखवा की आमाला पण."

मी नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. मी कपाट उघडलं, दुसरा रिमोट काढला. सेल नव्हते. हेडमास्तरांच्या टेबलावर छोटा ट्रान्झिस्टर होता, त्यातले सेल काढून भरले. एरियल ओढली. दांडी पुढं केली आणि म्हणालो, "हे असं केलं की ट्रक पुढं जातो, साहेब."

चाचणी संपली असेल असं मला वाटलं, हे मी स्वतःला पुढं पुष्कळदा सांगितलं. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नव्हतं. मला फक्त सचिवांचा चेहरा दिसत होता. तो खूश होता.

बाहेरून सविताचा आवाज आला, "सर, थांबंना झालाय! सर, थांबंना!"

मी खिडकीतून बघितलं. ट्रक देखाव्यातल्या फाटकाची रेघ ओलांडून पुढं निघाला होता. समोर बालवाडीची पोरं सतरंजीवर बसवली होती. सविता जागची हलली नव्हती. दांडी सोडून, रिमोट चालू ठेवून, शिकवलं होतं तशीच उभी होती. सर धावले. ट्रकला बाजूनं ढकलायला गेले, तो वळला आणि त्यांचा पाय चाक आणि व्हरांड्याची दगडी पायरी यांच्यात सापडला. तेव्हा कुठं माझं बोट दांडीवरून निघालं.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. ऐकलं ते सरांचं ओरडणं. वेदनेनं नव्हे, ते सविताला सांगत होते, "आधी जमिनीवरचं! ट्रकचं बटण बंद कर, मग हातातलं!" तिनं तसंच केलं. रडत रडत, पण क्रम न चुकवता.

मी सेल काढून ट्रान्झिस्टरमध्ये घातले, रिमोट कपाटात ठेवला, कुलूप लावलं. सचिव तोवर बाहेर गेले होते. माझ्या हातातल्या डब्याचा आणि बाहेरच्या ट्रकचा संबंध त्यांना कधी कळला की नाही, मला माहीत नाही. किल्ली मी दुसऱ्या दिवशी शिपायाकरवी सरांच्या घरी पाठवली.

पायाला प्लास्टर घालून, काखेत कुबडी घेऊन सर शाळेत परतले, त्या दिवशी हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. सगळे येईतो ते बातम्या लावायला गेले तर ट्रान्झिस्टर गप्प. "सेल तर नवेच होते की," ते पुटपुटले. सरांनी हात पुढं केला, मागचं झाकण उघडलं. एक सेल उलटा बसवलेला होता. सर त्याकडे बघत राहिले. मग सेल काढला, सुलटा केला, झाकण लावलं. बातम्या सुरू झाल्या. हेडमास्तरांनी त्या बंद केल्या.



"पोरगी घाबरली, तिनं भलतंच दाबलं, असंच ना?" हेडमास्तर म्हणाले.

"नाही," सर म्हणाले. "तिची चूक नाही. ट्रकला दोन धनी झाले. दुसरा रिमोट कुणीतरी चालू केला. कुणी केला?"

एक ज्येष्ठ शिक्षक हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असले प्रयोग करायला मुळात अंगात असावं लागतं. नुसत्या सवलतीवर न्हाई भागत."

दोघंतिघं हसले. मी माझ्या नखांकडे बघत होतो.

"मी परत विचारतो," सर म्हणाले. "कुणी केला?"

"कपाटाची किल्ली कुणाकडं होती?" हेडमास्तरांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या कड्याकडे बघितलं.

"माझ्याकडं," ते म्हणाले.

सविता शाळेत यायची बंद झाली होती. मास्तरचा पाय मोडणारी पोरगी म्हणून पाणवठ्यावर तिला बायका चिडवत होत्या. एका संध्याकाळी सर म्हणाले, "कदम सर, मला सायकलवर तिच्या घरी सोडता? माझा पाय हा असा." मी त्यांना कॅरिअरवर घेतलं. त्यांची कुबडी माझ्या पाठीला टेकलेली होती आणि प्रत्येक खड्ड्याला टोचत होती.

सविताचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. "मास्तर, पोरीचं लय हसू व्हायलंय गावात. आता तिला न्हाई धाडत. सोयरीक बघायलाव."

"तिनं काही केलं नाही, मामा."

"मंग कुणी केलं? त्याचं नाव सांगा. आमी गावाला सांगताव. उद्याच्याला धाडतो पोरीला."

मी सायकलचं हँडल धरून उभा होतो. सविता दाराच्या चौकटीत होती. सर बराच वेळ बोलले नाहीत. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं, असं म्हणण्याचीही सोय नाही.

मी घंटीवरची धूळ पुसली.

"चूक माझी," सर म्हणाले. "रेडिओ मी नीट जुळवला नव्हता. ट्रक माझ्यामुळं सुटला. गावाला असंच सांगा."

"तुमी? तुमी तर लय बारकाईचे म्हणत्यात."

"म्हणत्यात. पण चुकलं. माझं नाव सांगा."

दाराच्या चौकटीतून सविता त्यांच्याकडे बघत होती. तिला ते खरं वाटलं नसावं. चाकं विटांवर ठेवून, दोनदा बघून, मगच विटा काढल्या होत्या, हे तिनं स्वतः केलेलं होतं.

सविता शाळेत परत आली. सरांच्या चुकीची बातमी मात्र गावभर झाली आणि काही जणांनी ती फार चवीनं सांगितली. प्रयोगशाळा त्यांच्याकडून काढून हेडमास्तरांनी ती माझ्याकडे दिली. किल्ली द्यायला सर स्वतः आले. माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "कपाट एक, किल्ली एक. काय सांगितलं?"

मला ते परत म्हणता आलं नाही. ते वाट बघत उभे राहिले, मग कुबडी टेकत निघून गेले. पुढच्या जूनमध्ये त्यांनी पूर्णेतल्याच एका शाळेत नोकरी धरली. कडं जाताना घेऊन गेले.

मी नोकरीत कायम झालो. लग्न झालं, मुलगी झाली. ती चालायला लागली तेव्हा तिला कुणीतरी चावीचा ट्रक दिला. तो घरभर फिरायचा आणि मी खोलीतून उठून जायचो.

मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. कुठं मिठाई वाटली गेली, कुठं दारं लावून घेतली गेली. दोन दिवसांनी मी सायकलनं पूर्णेला सरांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्चीवर सायकलची चेन साफ करत होते. शर्ट पांढराच, बाह्या मात्र पहिल्यांदाच दुमडलेल्या बघितल्या. कडं ओसरीत टांगलेलं होतं.

उभ्याउभ्याच मी म्हणालो, "सर, दुसरा रिमोट मी चालू केला होता."

त्यांनी चेन खाली ठेवली. "एका नावासाठी इतकी वर्षं थांबलेला माणूस आहे मी, कदम सर. किल्ली तुमच्याकडंच होती. तुमचं नाव तर मला तो उलटा सेल बघितला तेव्हापासून माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला? खंदारेनं कदमाचं नाव घेतलं असतं तर ट्रक राहिला असता बाजूला. अर्धं गाव तुमच्या मागं, अर्धी वस्ती माझ्या मागं, आणि पोरगी मधल्या मध्ये चिरडली असती. ते नाव तुमच्याच तोंडून यायला पाहिजे होतं."

"मला माफ करा, सर."

"मला काय मागता?" त्यांचा आवाज एकदम चढला. मी त्यांना असं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "माझा पाय मोडला, मी माझ्या मनानं मध्ये घातला होता. नाव गेलं, तेही मी माझ्या तोंडानं घालवलं. तिचं काय? ती परभणीला डिप्लोमा करायलीय. मागच्या दिवाळीत भेटायला आली, तेव्हा काय म्हणली माहितीये? सर, खरं सांगा, तवा माझंच चुकलं होतं का? तुमी मला वाचवायला खोटं बोललात का?" त्यांनी चेनचं ग्रीस हातावरून पुसलं. "आता घरी आलीय सुटीवर. काढा सायकल."

पूर्णेहून गावाकडचा रस्ता, पुन्हा ते माझ्या कॅरिअरवर. कुबडी नव्हती, पण पाय आखडलेला असल्यानं ते एका अंगाला कलून बसले होते आणि सायकल सारखी त्याच बाजूला ओढत होती. सविताच्या अंगणाबाहेर ते उतरले. "मी इथंच थांबतो," म्हणाले. सायकल त्यांनी माझ्याकडून घेतली, स्टँडवर लावली आणि मागचं चाक एकदा हातानं फिरवून बघितलं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही असं नाही, पण सर आठवले की मला ते तसेच दिसतात, कुडाच्या बाहेर, दुखऱ्या पायावरचा भार काढून, सायकलच्या सीटवर हात ठेवून, आत काय बोललं जातंय ते ऐकायला मान तिरकी केलेले.

सविताचे वडील तुरी झोडपत होते. शेजारच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. सविता बाहेर आली, मला ओळखून पाया पडायला वाकली. मी मागं झालो.

"सविता, त्या दिवशी दुसरा रिमोट मी चालू केला होता," मी हळू आवाजात म्हणालो. "तुझं काही चुकलं नव्हतं. सरांचंही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुडापलीकडे उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. तिचा आवाज सरळ आला.

"मी अजून कुठलं बटण दाबायचं म्हणलं की दोनदा हात मागं घेते, सर. कॉलेजात पोरं हसतात." तिनं ओट्याकडे बघितलं. "परत म्हणा. मोठ्यानं. तवा सगळं गाव मोठ्यानंच म्हणलं होतं."

झोडपणं थांबलं. ओट्यावरच्या बायकांनी माना वळवल्या.

"काय सांगितलं?" सविता म्हणाली.

मी शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "दुसरा रिमोट मी, कदम मास्तरनं, चालू केला होता. सविताची चूक नव्हती. खंदारे सरांची चूक नव्हती. मी भ्यालो आणि गप्प बसलो. सविता, मला माफ कर."